इंचाला सात टाके

मनामा, बहारीन
१२ जानेवारी १९८६

ती. क्लेमेंटदादास,
सा. न. वि. वि.

नाताळचं तुझं पत्र काल हाती आलं. भुईगावचा पास्कल रजेवर निघाला आहे, त्याच्याबरोबर सेबॅस्टियनसाठी एक वस्तू पाठवतो. धावण्याच्या सरावाचा सूट आहे. निळा, बाहीला पांढरी पट्टी, छातीवर उडता बगळा. त्या बगळ्यावर जाऊ नकोस, इथे सगळे मोठे खेळाडू तोच बगळा छातीवर घेऊन फिरतात. नऊ दिनार मोजले. माझी तीन दिवसांची हजेरी.

गेल्या वर्षी पोरगा तू शिवलेली चड्डी घालून धावला होता. काठाला इस्त्रीची घडी अशी धारदार, की लांबून बघणाऱ्याला वाटावं पोलिस चोरामागे लागलाय. हे त्यानेच मला लिहिलं, तुला सांगायची त्याची छाती नाही. यंदा तरी त्याला माणसासारखं धावू दे.

दुसरं, लुसीचं. नवरा व्हिक्टर गेल्यापासून ती आणि मुलगी विनी कशा राहतात ते तुला पाच मैलांवरून दिसत नाही, मला समुद्रापलीकडून दिसतं. गोखिवऱ्याच्या एक्सपोर्ट शेडमध्ये तिला जूनमध्ये तीन वर्षं होतील. तीन वर्षं झालेल्यांना कायम करणार आहेत आणि यादीत तिचं नाव आहे. एकदा कायम झाली की विनीच्या शाळेची आणि खोलीच्या भाड्याची काळजी मिटेल. तुझ्या मायेच्या बहिणीचं एवढं ठरतंय, एकदा जाऊन ये. तीन वर्षं अबोला पुरे झाला.

वहिनींना नमस्कार. तुझा लोभ मला लागतो, म्हणून बोलतो.

तुझा,
फर्डिनंड


वसई
१६ फेब्रुवारी १९८६

चि. फर्डिनंड यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा बगळा उडाला. कसा, ते ऐक.

राखेच्या बुधवारच्या आधीच्या रविवारी चर्चच्या मैदानावर स्पर्धा झाल्या. पंधराशे मीटरला आठ पोरं, सेबॅस्टियन तिसऱ्या पट्ट्यात. आजूबाजूचे सगळे त्याच्या सूटला हात लावून बघत होते आणि तो राजासारखा लावू देत होता. पोरं सुरुवातीला वाकली. शिट्टी वाजायच्या आत मागची शिवण फाटली. साडेसात इंच, मी नंतर पट्टीने मोजली. तुझा पुतण्या एक हात मागे धरून चारी फेऱ्या धावला आणि आठवा आला. गाव हसलं. फादरांनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते ते मला दिसले.

मी कुठल्या शाळेत शिवण शिकलो नाही. सातवीत शाळा सुटली, तेव्हापासून लोकांचे जुने कोट उसवून उसवून शिकलो. शिवलेलं कसं आहे ते उसवल्याशिवाय कळत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर भिंग घेऊन बसलो. आसनाच्या, म्हणजे बैठकीच्या, शिवणीला इंटरलॉकचे टाके इंचाला सात. बारा हवेत. असलं ताणणारं कापड वाकताना पसरतं, दोरा पसरत नाही. टाके दाट असले तर दोऱ्यात ढील राहते. सात टाक्यांत ढील कुठली? तुटणारच. शिवणीची माया, कडेला सोडलेलं कापड, तीन सूत हवी, ती दीड सूत. हे तुझं नऊ दिनारचं काम. माझ्या दुकानातून असलं काही बाहेर गेलं असतं तर मी यंत्राला हात लावणं सोडलं असतं.

आणि कमरेच्या आतली बारीक चिठ्ठी तू वाचली नाहीस. मेड इन इंडिया. समुद्र ओलांडून जाऊन तू आपल्याच देशातलं कापड दसपट भावाने घेतलंस आणि ते मलाच परत पाठवलंस. बगळ्याचे पैसे दिलेस, शिवणीचे कोणी दिलेच नाहीत.

नेफ्याच्या आत हिरव्या दोऱ्याच्या चार गाठी सापडल्या. धोबी खूण घालतो तशी ही कारागिराची खूण. अशी खूण घालायची लाज कशी वाटली नाही, याचं मला नवल वाटतं.

लुसीचं तू लिहू नकोस. व्हिक्टर वारल्यावर मीच तिला दुकानात बसवलं. एका बाहीवरून रुसून शेडमध्ये गेली. तिथे काय शिवते मला ठाऊक नाही. चादरी शिवत असेल. कायम होतेय ना, आनंद आहे.

प्रकृती सांभाळ. आशीर्वाद आहेतच, अक्कल तू मिळव.

तुझा दादा,
क्लेमेंट


मनामा
५ मार्च १९८६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पोराची फजिती झाली याचं दुःख तुझ्या पत्रात दोन ओळी, आणि तू बरोबर ठरलास याचा आनंद दोन पानं.

तरी दुकानदाराकडे गेलो. तो मलाच उलट विचारतो, तुमच्या गावच्या एखाद्या शिंप्याने आधी कात्री लावली होती का? लावली असेल तर कंपनी जबाबदार नाही, असा त्यांचा नियम. मी सांगितलं, माझा भाऊ शिंपी आहे, पण आधी फाटू देतो आणि मग उसवतो. त्याला विनोद कळला नाही. तो म्हणाला, सूट परत आणा आणि दोष काय ते लेखी द्या, कंपनी चौकशी करते.

पास्कल या महिन्याच्या वीस तारखेला परत येतोय. त्याच्याकडे सूट दे आणि तुझं ते सात आणि बाराचं नीट लिहून दे. मी ऑफिसातल्या टायपिस्टकडून इंग्रजी करून घेईन. माझे नऊ दिनार म्हणजे वाळूवर सांडलेलं पाणी नव्हे.

लोभ ठेव, टोमणे कमी कर.

तुझा,
फर्डिनंड


वसई
१७ मार्च १९८६

चि. फर्डिनंड यास,
अनेक आशीर्वाद.

पास्कलकडे सूट दिला आहे. सोबत माझा अहवाल, दोन पानं. शिवणीची आकृती हाताने काढली आहे, टाक्यांची मापं सुतात दिली आहेत, इंग्रजीत चुकवू नका. मूळ कागदही जोड, कारण टायपिस्टला आकृती काढता येणार नाही. खाली माझी सही, दुकानाचा शिक्का आणि 'मास्टर टेलर, वसई' एवढं आहे. फाटण्याआधी माझ्या कात्रीने त्या सुटाला स्पर्श केला नाही, हेही लिहिलं आहे.

शेवटचं कलम मी मुद्दाम घातलंय. कंपनीने नुसता सूट बदलून देऊन मोकळं होऊ नये. हिरव्या चार गाठी कोणाच्या ते शोधावं आणि तिला विचारावं. दोष कापडात नाही, दोऱ्यात नाही, तो हाताचा आहे. एकीला धरलं की ओळीतल्या बाकीच्या सरळ शिवतात. तीस वर्षांचा अनुभव आहे माझा.

सेबॅस्टियनने धावणं बंद केलंय. म्हणतो, मैदानावर गेलं की पोरं बगळ्यासारखे हात हलवतात.

देव तुला राखो.

तुझा दादा,
क्लेमेंट


मनामा
२ मे १९८६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जिंकलो! कंपनीचं पत्र आलं, जाड कागद, वर सोनेरी बगळा. तुझ्या अहवालाबद्दल आभार मानलेत. असा बारकाईने लिहिलेला दोष त्यांच्याकडे कधी आला नव्हता म्हणे. दुकानदार आता मला बसायला खुर्ची देतो. नवा सूट फुकट मिळाला, पुढच्या माणसाबरोबर पाठवतो.

सहाशे नगांची अख्खी खेप त्यांनी परत केली. शिवणारी शेड मुंबईजवळच कुठेतरी आहे. तुझ्या चार गाठींवरून बाई सापडली आणि तिला योग्य ती समज दिली जाईल असं लिहिलंय. तू म्हणालास तसंच झालं, तुझ्या डोळ्याला मानलं.

लुसीचं मात्र दोन महिन्यांत पत्र नाही. जून तोंडावर आला. तुला काही कळलं का?

माया असू दे.

तुझा,
फर्डिनंड


गोखिवरे
११ जून १९८६

श्री. क्लेमेंट मास्तर यांस,
न. वि. वि.

नमस्कार रीतीचा आहे. पोस्टमनने पाकीट उघडून पाहिलं तर त्याला वावगं वाटू नये म्हणून घातला.

हिरवा दोरा आमच्या ओळीचा. चार गाठी माझ्या.

एकोणीस मेला सुपरवायझरने मला टेबलापाशी बोलावलं. इंग्रजी टाईप केलेला कागद होता, तो मला कळला नाही. त्याच्यामागे झेरॉक्स होती. शिवणीची आकृती आणि कडेला सूत, दीड सूत. तेवढं मला कळलं. ती आकृती मी तुमच्या दुकानात खडूने कापडावर काढलेली शंभरदा बघितली आहे. खालची सही वाचायची गरजच पडली नाही. सुपरवायझर म्हणाला, बघ, वसईचा एक शिंपी तुझ्यापेक्षा शहाणा निघाला. मी म्हटलं, हो, दिसतोय शहाणा.

तुम्ही टाके बरोबर मोजलेत. सातच होते. दोष हाताचा आहे असं तुम्ही लिहिलंत, ते मात्र चुकलं. मला बारा कोणी शिकवले ते तुम्हीच आठवा. कंपनीने यंदा चाळीस दिवसांचं काम पंचवीस दिवसांत मागितलं. तेव्हा सुपरवायझरने सगळ्या यंत्रांचा टाका लांब केला आणि स्क्रूवर लाखेचा ठिपका दिला, कोणी फिरवला तर कळावं म्हणून. दिवसाला तीनशे आसनं. मी बोलले होते की ही शिवण वाकल्यावर तुटेल. तर म्हणाला, एवढी कारागीर आहेस तर वसईला शिंप्याच्या दुकानात जाऊन बस. तिथूनच आले होते मी.

मास्तर, तुम्ही विसरला असाल. पहिल्या कम्युनियनचा फ्रॉक होता, सुझानच्या मुलीचा. बाहीला एक टाका सुटला होता, एकच. तुम्ही तो फ्रॉक तिच्या आईसमोर माझ्या हातातून घेतलात आणि अख्खी बाही टर्रकन उसवून माझ्या मांडीवर टाकलीत. ती पोर रडायला लागली. मी मात्र रडले नाही, उठले. तुम्ही ते फर्डिनंडला कसं सांगितलंत? रुसून गेली म्हणून?

आता हिशेब ऐका, तुम्हाला आवडतो. यादीतून नाव गेलं. कामावरून काढलं. माझ्या ओळीतल्या हंसाची आणि कमळीची पंधरवड्याची मजुरी अडकवली, त्या माझ्याशी बोलत नाहीत. आजूबाजूच्या चार शेडमध्ये गेले, चारी ठिकाणी माझं नाव आधी पोचलं होतं. विनीच्या बाई म्हणतात फी पंधरा दिवसांत भरा.

दुकानात परत ये, असं लिहू नका. मी उपाशी राहीन, पण तुमच्यासमोर सुई धरणार नाही. फर्डिनंडच्या हातून पैसेही पाठवू नका. तुम्हाला दोष शोधता येतो. नोकरी परत आणता येते का, ते बघा.

लोभ असू द्यावा असं शेवटी लिहितात. मी ती ओळ सोडते.

लुसी


वसई
२९ जून १९८६

चि. फर्डिनंड यास,
अनेक आशीर्वाद.

लुसीचं पत्र सोबत पाठवतो. आधी ते वाच, मग हे.

वाचून झालं असेल तर सांगतो. चार दिवस मी एकच विचार करत होतो, की लाखेच्या ठिपक्याचं लिहून कंपनीला दुसरा अहवाल पाठवावा. माझ्या मनासारखा झाला असता तो. पण सुपरवायझरचं नाक कापून लुसीला त्याच्या शेडमध्ये कोण घेईल? तेव्हा तुझ्या दुकानदाराचा नियम आठवला. शिंप्याची कात्री लागली असेल तर कंपनी जबाबदार नाही.

मी गोखिवऱ्याला जाऊन सुपरवायझरला भेटलो. लुसी माझी कोण ते सांगितलं नाही. तिचं सासरचं आडनाव, त्यांना कळायचा प्रश्न नव्हता. सांगितलं, मी वसईचा तो शिंपी. सूट पोराला कमरेत सैल होता म्हणून स्पर्धेच्या आधी मीच आसन उसवून आत घेतलं आणि माझ्या जुन्या इंटरलॉकवर परत शिवलं. इंचाला सात टाके माझेच. फजिती झाली तेव्हा लाज झाकायला कंपनीवर ढकललं.

त्याने त्याच कापडाचे दोन तुकडे दिले आणि म्हणाला, शिवून दाखव कसं शिवलंस. भिंतीकडच्या एका यंत्रावर बसवलं. फर्डिनंड, स्क्रूवर लाल लाख होती. मी पायाखालची पट्टी दाबली. तीस वर्षांत माझ्या हाताखालून कधी निघाली नव्हती अशी शिवण निघाली. सातच टाके. त्या यंत्रावर दुसरं काही निघालंच नसतं, माझ्या हातूनही नाही, कोणाच्याही नाही. मी तिथे बसून ते बघितलं आणि दोरा कापला. तो तुकडा उचलून हसला, म्हणाला, मास्टर टेलर!

दुकानाच्या कागदावर, शिक्का मारून, सगळं लिहून दिलं. खेप माझ्या एका अहवालावर परत आली होती, बाकीच्या नगांचे टाके कोणी मोजलेच नव्हते, तेव्हा ती सोडवायला त्याला तो कागद सोन्यासारखा आहे. बदल्यात हिरव्या चार गाठींच्या बाईला परत घ्यायचं त्याने कबूल केलं. मी म्हटलं, त्या बिचारीचा शाप मला नको. तेवढंच खरं बोललो.

आता तुझं काम. सोबत दुसरी प्रत आहे, ती इंग्रजी करून दुकानदाराला दे आणि नवा सूट परत कर. तुझी खुर्ची जाईल. तो तुला लबाड म्हणेल, म्हणू दे. तू माझ्यावर ओरडशील, तेही ओरड. पण एक अक्षर इकडचं तिकडे करू नकोस.

इथे बातमी पोचली आहे. शेडमधला एक ड्रायव्हर वसईच्या बाजारात चहा प्यायला येतो. फादरांच्या झग्यांचं काम यंदा दुसऱ्या दुकानात गेलं, कारण विचारलं नाही. सेबॅस्टियनने जेवताना मला विचारलं, मी हरावं म्हणून केलंत का, पप्पा? तुमची चड्डी घातली नाही म्हणून? मी म्हटलं, जेव. तेव्हापासून तो आईमार्फत बोलतो. त्याच्या आईलाही खरं सांगितलेलं नाही, तिच्या पोटात राहत नाही.

बस. माझ्याबद्दल फार लिहिलं. आशीर्वाद.

क्लेमेंट


गोखिवरे
३ ऑगस्ट १९८६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

एकवीस जुलैपासून कामावर आहे. मागची तीन वर्षं धरली नाहीत, मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. तुझ्या कागदाने तेवढं आणलं, तेवढं मी घेतलं. हंसा आणि कमळीची मजुरी सुटली. विनीची फी भरली.

सुपरवायझरने तुझा कागद सगळ्यांसमोर उभं राहून वाचला. तू शिवून दाखवलेला तुकडा टाचणीने भिंतीला लावलाय, खाली लिहिलंय, मास्टर टेलर, वसई. जेवायच्या सुट्टीत बायका त्याच्यापुढे उभ्या राहून हसतात. कमळी म्हणाली, असल्या शिंप्याकडे मी उशीची खोळसुद्धा टाकणार नाही. हंसाने मला विचारलं, तू वसईकडची ना, ओळखतेस का ह्याला? मी म्हटलं, नावाने ऐकून आहे, लोक सांगतात की हात चांगला नाही.

दुसरं काय सांगणार होते? भाऊ म्हटलं असतं तर त्याच दिवशी तुझा कागद खोटा पडला असता.

म्हणून आता नीट ऐक. माझ्या खोलीवर येऊ नकोस. बाजारात दिसलास तर मी मान वळवीन, तूही वळव. विनीचं कन्फर्मेशन डिसेंबरात आहे. तिचा झगा मी तयार आणीन, तुझ्याकडे टाकणार नाही. चर्चमध्ये शेडमधल्या बायकाही येतात. तू पुरुषांच्या बाजूला, मागच्या बाकावर बस. आधी रागाने बोलत नव्हतो. आता मी ठरवून बोलत नाही. राग गेलाय असंही समजू नकोस, ती बाही मी विसरलेले नाही.

परवा सेबॅस्टियन शेडच्या फाटकापाशी उभा होता. सायकलवर आला होता, घामाघूम. सरळ विचारलं, आते, पप्पांनी खरंच केलं का ते? तोंड तुझ्यासारखं आणि जीभ सैल फर्डिनंडसारखी. त्याला खरं सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत अर्ध्या वसईला कळलं असतं आणि सोमवारी मला पुन्हा कामावरून काढलं असतं. मी म्हटलं, हो, केलं. तो सायकल वळवून गेला.

हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल, दुकानात ठेवू नकोस. त्या यंत्रावर बसलो तर सातच निघाले, हे तू फर्डिनंडला लिहिलंस, त्याने मला कळवलं. मी पहिल्या दिवसापासून तिथेच बसते. भिंतीवरचा तुकडा माझ्या समोर आहे. आज मान वर करून बघितला. टाके सात, पण ओळ सरळ आहे रे, दादा. तसल्या यंत्रावर एवढी सरळ ओळ आमच्या शेडमध्ये कोणाची येत नाही. सुपरवायझरला ते कळलेलं नाही.

रीतीप्रमाणे लिहिते, लोभ आहे तेवढा असू दे.

तुझी बहीण,
लुसी